हातचा एक

पाचही बोटं सारखी नसतात, असं जो तो सांगत असतो. सांगणाऱ्याने आधी ती पाच आहेत ना, एवढं मोजून घ्यावं. न मोजता बोललं की काय होतं, त्याचीच ही गोष्ट.

संग्रहालयाच्या तळघरात, जिन्यापासून तिसऱ्या खोलीत, एक बाई बसायची. हातात सुई, डोळ्यांपुढे मायक्रोस्कोप, आणि समोर वाळूच्या पिशव्यांवर टेकवलेली दगडाची लादी. दगडात अडकलेलं हाड मोकळं करायचं, हे तिचं काम. दिवसभरात नखाएवढं हाड उघडं पडलं तरी दिवस सत्कारणी लागला म्हणायचं. घाई केली की हाड गेलंच, आणि कोट्यवधी वर्षं टिकलेलं हाड आपल्या हातून गेलं तर तोंड दाखवायला जागा नाही. तिला सगळे सुईबाई म्हणत. तिचेही कान त्याच नावाला सरावले होते.

त्याच खुर्चीवर तिच्याआधी तिचे बाबा बसत. त्यांना सगळे चारबोटे म्हणत. नवीन आलेल्याला ते आडनावच वाटायचं, मग ते उजवा हात पुढे करायचे आणि समोरच्याचा चेहरा पडायचा. करंगळी मुळापासून गेलेली. सव्वीस वर्षांपूर्वी दगड कापायच्या करवतीने नेली. सुईबाई तेव्हा आठ वर्षांची होती. "बाबा, बोट कुठे गेलं?" असं तिने विचारलं की ते म्हणायचे, "गेलं कुठे? ठेवायला दिलंय." आणि मग बोटं मोजून दाखवायचे, "एक, दोन, तीन, चार, आणि हातचा एक. झाले की नाही पाच?" गणितात हातचा विसरून ती रडायला लागली की हेच चालायचं. "वेडाबाई, हातचा डोक्यात ठेवायचा, विसरायचा नाही. आणि एकदा मिळवला की गणित संपलं, पाटी पुसायची."

आता बाबांना बोलता येत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले होते, कधीकधी सगळे शब्द जातात पण आकडे राहतात. अगदी तसंच झालं. पाणी हवं असेल तर बाबा "सात" म्हणायचे, नको असेल तर "दोन". आईला त्यांचे सगळे आकडे पाठ होते.

आणि लादीवरचा प्राणी? बेडकाचा खापरपणजोबा म्हणा. आकाराने मगरीएवढा, डोकं सपाट फावड्यासारखं. बाबांनीच तो अर्धा मोकळा केला होता, मग अपघात झाला आणि लादी कोठारात गेली ती गेलीच. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरबाईंना ती दीड वर्षापूर्वी सापडली. डॉक्टरबाई म्हणजे औषधाच्या नव्हेत, हाडांवरून मेलेल्या जनावरांची जात ओळखणाऱ्या. त्यांनी उजवा पुढचा पाय पाहिला आणि त्या मटकन खाली बसल्या.

"अगं, या सगळ्या घराण्यात पुढच्या पायाला चार बोटं," त्या म्हणाल्या. "बेडकालासुद्धा चारच. याला पाच आहेत! आणि पाचव्याचे सांधे बघ, कसे गोलसर, गुळगुळीत. हे कुठल्याच पुस्तकात नाही. ही नवी जात आहे, सुईबाई, डोळे झाकून सांगते."

डोळे झाकून सांगितलं, तिथेच सगळं आलं.

पण सुईबाईला खरा आनंद झाला तो पुढच्या वाक्याने. डॉक्टरबाई म्हणाल्या, "नाव तुझ्या बाबांचं देऊ. चारबोट्यांच्या नावाने पाच बोटांचा प्राणी! लॅटिन शेपूट मी लावते." सुईबाई त्या दिवशी मोरीत जाऊन रडली. बाबांनी तीस वर्षं त्या तळघरात डोळे फोडले, छाती धुळीने भरून घेतली आणि एका लेखात त्यांचं नाव आलं नव्हतं. आता येणार होतं. ते जिवंत असताना यावं, त्यांच्या हातात तो कागद ठेवता यावा, एवढंच तिला हवं होतं. लेख पाठवायला दीड महिना उरला होता, आणि त्याआधी पाचवं बोट दगडातून पुरतं मोकळं व्हायला हवं होतं.

तिने सोमवारी त्या बोटाला सुई लावली. साडेअकराला आईचा फोन आला.

"अगं, ह्यांचा हात दुखतोय."

"कुठला?"

"उजवा. नसलेलं बोट दुखतंय. जिथे ते नाही ना, तिथे हवेत डावा हात नेऊन चोळतायत बघ. मला बाई कसंतरीच होतंय."

सुईबाईने समजूत घातली. गेलेला अवयव कधीकधी दुखतो, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. आईने तेल गरम केलं, पण नसलेल्या बोटाला तेल लावणार कुठे? एक वाजता सुईबाई डबा खायला उठली. दोनला परत बसली. सव्वादोनला पुन्हा फोन.

"मध्ये थांबलं होतं गं. तासभर गाढ झोपले. आता परत सुरू."

मंगळवारी तेच, बुधवारीही तेच. अकराला सुरू, एकला बंद, दोनला सुरू, पाचला बंद. "ह्यांचं दुखणंही नोकरी करतं बघ," आई म्हणाली, "डब्याच्या सुट्टीसकट." ती हसली. सुईबाईला मात्र हसू आलं नाही. तिने हातातली सुई खाली ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत बसली.

गुरुवारी ती बोटाला शिवलीच नाही. शेपटीचे मणके साफ केले. फोन आला नाही. संध्याकाळी घरी गेली तर बाबा खिडकीपाशी बसून शांतपणे रस्त्यावरच्या गाड्या मोजत होते. आई म्हणाली, "आज देव पावला."

योगायोग असेल. शिकलेली बाई, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणार कशी? शुक्रवारी तीन वाजून वीस मिनिटांनी तिने मन घट्ट केलं आणि पाचव्या बोटाच्या टोकाला सुई टेकवली. खरवडलं नाही, नुसती टोचली. एकदा, थांबून दुसऱ्यांदा, थांबून तिसऱ्यांदा. मग स्वतःच घरी फोन लावला.

"आई, बाबा काय करतायत?"

"बरा फोन केलास. आत्ता बसल्याजागी तीनदा दचकले. आणि काय म्हणाले माहितीये? 'एक.' मग 'दोन.' मग 'तीन.' माझ्याकडे असे बघतायत जणू मीच काही केलंय."

तळघरात पंख्याचा आवाज होता, नळ ठिबकत होता, आणि समोर ते जनावर सपाट तोंडाने पडलं होतं. तिने लादीवर कापड टाकलं आणि जिना चढून उन्हात जाऊन उभी राहिली.

वर गेल्यावर डॉक्टरबाई तिचीच वाट बघत होत्या. "बरी आलीस. सोमवारी ते पाचवं बोट कापायचंय. मधल्या हाडाची पातळ चकती काढू, झाडाच्या खोडाला असतात तशी वाढीची वर्तुळं दिसतील. वय कळेल. करवतवाल्याला वेळ सांगितलीय, दहाची."

"कापायचं?" सुईबाईने विचारलं.

"अगं, दुखणार आहे का त्याला?" डॉक्टरबाई हसल्या.

काय सांगणार? माझे बाबा ओरडतील म्हणून कापू नका? लोक वेड्यात काढतील. ती खाली आली, पण कोठाराची किल्ली घेऊन. तिला बाबांची मूळ वही बघायची होती. सगळेजण कॉम्प्युटरमधली नोंद वाचायचे. तिच्यात लिहिलं होतं, "उजवा पुढचा पाय, बोटं ५." वही कुणीच उघडली नव्हती. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय.

वही तिसऱ्या कप्प्यात होती. बाबांचं अक्षर सरळ, पण या पानावर वेडंवाकडं. अपघातानंतर डाव्या हाताने लिहिलेलं असणार. तिने बोट फिरवत ओळ वाचली.

"उजवा पुढचा पाय. बोटं ४, हातचा १."

तिने ती ओळ पुन्हा वाचली. ती टिपून घेणाऱ्याने सरळ बेरीज केली होती. कुणीही केली असती. चारबोट्यांच्या घरात जो वाढला नाही, त्याला यात वावगं काय दिसणार?

ती परत खोलीत आली, दार लावलं, मोठा दिवा मालवला आणि जांभळा दिवा लावला. या दिव्याखाली दगड काळा राहतो आणि डिंक चमकतो. चार बोटं काळोखात बुडाली. पाचव्याच्या भोवती मात्र निळसर रेषा उजळली, मुळापासून टोकापर्यंत, बोटाच्याच आकाराची. चौथ्या बोटापलीकडे लादीची कड सरळ रेषेत कापलेली होती. तिथे डिंकात कालवलेली दगडाची पूड भरून बाबांनी एक बोट बसवलं होतं. इतक्या सफाईने, की सव्वीस वर्षांत कुणाला शिवण दिसली नाही.

तिने आपला उजवा हात दिव्याखाली नेला आणि करंगळी त्या बोटाशेजारी ठेवली. तीन हाडं, तीन पेरं. शेवटचं छोटं, टोकाला चपटं. जगभरच्या बेडकांच्या हाडांशी त्याची तुलना झाली होती. आपला हात तिथे ठेवून बघायचं कुणाला सुचलं नव्हतं.

हाडं स्वच्छ करणं हाच ज्याचा धंदा, त्याने स्वतःचं हाड स्वच्छ केलं होतं.

सोमवारी नवालाच तिने डॉक्टरबाईंना खाली बोलावलं. "बाई, तुमची करंगळी इथे ठेवा," ती म्हणाली. डॉक्टरबाईंनी ठेवली, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

मग उसळल्या. "दीड वर्ष! दीड वर्ष मी या बोटावर घालवलंय! माझ्या अब्रूचं खोबरं झालं असतं. तुझ्या बाबांनी सगळ्यांना फसवलं, सुईबाई."

"फसवलं नाही," सुईबाईने वही पुढे सरकवली. "त्यांनी जे होतं ते लिहिलं. चार आणि हातचा एक. बेरीज तुम्ही केलीत."

डॉक्टरबाईंनी ओळ वाचली. त्यांचा राग गेला नाही, पण त्याला जायला जागा राहिली नाही. "म्हणजे नवी जात नाही," त्या म्हणाल्या, "आणि नावही नाही." ते वाक्य सुईबाईच्या काळजात घुसलं. त्या वाक्याची तयारी तिने दोन दिवस केली होती, तरी घुसलं. करवतवाल्याला नको म्हणून निरोप गेला. जाताना दारातून डॉक्टरबाई म्हणाल्या, "काढ ते बोट. आणि वहीत लिहून ने. उगाच चोरी नको."

डिंक सोडवायला लागतं अ‍ॅसिटोन, नेलपॉलिश काढायचं तेच. तिने कापसाने थेंबथेंब सोडलं. आईने नंतर सांगितलं, त्या वेळी बाबा हात पांघरुणात लपवून बसले होते, जणू कुणी बर्फ लावत होतं. पण विव्हळले नाहीत. दुपारी बोट सुटून तिच्या तळहातावर आलं. हलकं होतं. तिने जावक वहीत लिहिलं, "बोट एक. मालकाला परत." आणि खाली सही केली.

ती घरी निघाली. बाबांचंच वाक्य डोक्यात घुमायला लागलं होतं. एकदा मिळवला की गणित संपलं. ती कोपऱ्यावरच्या बाकावर बसली. बोट तिच्या पर्समध्ये, रुमालात होतं. ते तिथेच राहू दिलं तर? कपाटात ठेवलं, सुई लावली नाही, करवत लावली नाही, तर बाबा राहतील. वर्ष, दोन वर्षं, खिडकीत गाड्या मोजत. कुणाला काय कळणार होतं? पण ते त्यांचं होतं. त्यांनी ठेवायला दिलं होतं, आणि ठेवायला दिलेलं परत मागायला त्यांच्याकडे शब्द उरला नव्हता. ती अर्धा तास तिथे बसली आणि मग उठली.

आईला तिने स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. आईने गॅस बंद केला. ओरडेल, नाही म्हणेल असं वाटलं होतं. आई एवढंच म्हणाली, "तरीच. तरीच म्हणायचे, मी पुरता घरी आलेलोच नाही. मला वाटायचं थट्टा करतायत." मग डोळे पुसून म्हणाली, "दे त्यांना. किती दिवस असं अर्धं ठेवायचं माणसाला?"

बाबा खिडकीपाशीच होते. संध्याकाळचं ऊन त्यांच्या मांडीवर आलं होतं. सुईबाईने रुमाल उघडला आणि ते बोट त्यांच्या उजव्या तळहाताच्या कडेला, जिथे नुसता वण होता तिथे, अलगद टेकवलं.

बाबांनी खाली पाहिलं. त्यांना नवल वाटलं नाही. उशिरा आलेल्या माणसाकडे बघावं तसं त्यांनी त्या बोटाकडे पाहिलं. मग अंगठ्यापासून सुरुवात केली. "एक," ते म्हणाले. "दोन. तीन. चार." आणि दोन वर्षांत पहिल्यांदा आकड्याशिवाय दुसरा शब्द त्यांच्या तोंडून आला.

"हातचा," ते म्हणाले. "पाच."

मग त्यांनी डाव्या हाताने कपाटाकडे दाखवलं. वरच्या फळीवर आईचा बटणांचा डबा होता. तो आणून दिला, तर त्यांनी सगळी बटणं मांडीवर ओतली. तळाशी एक दगडाचा तुकडा होता, बोटभर लांब, एका बाजूने सरळ कापलेला. आईने तो हजारदा पाहिला होता. कामावरची आठवण म्हणून त्यांनी ठेवलाय, असं तिला वाटायचं. बाबांनी तो तुकडा सुईबाईच्या हातात ठेवला आणि तिची मूठ मिटली.

ती करवतीची कड तिने ओळखली. एकाच फटक्यात दोन तुकडे पडले होते, एक जनावराचा, एक बाबांचा. त्याचा यांच्याकडे राहिला, यांचा त्याच्याकडे. मोडलेलं जनावर तसंच सोडायला बाबांचा जीव धजला नसणार.

त्या रात्री बाबांना झोप लागली आणि पहाटे ते त्या झोपेतच गेले. उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. आईने ती उघडू दिली नाही. तशीच त्यांच्याबरोबर जाऊ दिली.

पंधरा दिवसांनी सुईबाई कामावर आली. तुकडा लादीच्या कापलेल्या कडेला लावून पाहिला. केसभरही फट राहिली नाही. डॉक्टरबाई शेजारी उभ्या होत्या. दगडाच्या पृष्ठभागाखाली काहीतरी गडद दिसत होतं, चौथ्या बोटाच्या पलीकडे. हाड होतं. आखूड, बुटकं, एकाच पेराचं, माणसाच्या बोटासारखं मुळीच नाही. बेडकाच्या घराण्यात कुणालाही नसलेलं.

"पाचवं," डॉक्टरबाई पुटपुटल्या. मग त्यांनी कान पकडले. "नाही. तू मोज. मी काही बोलत नाही. तू मोजलंस की मग नावाचं बघू."

सुईबाई खुर्चीवर बसली. अकरा वाजले होते. तिने मायक्रोस्कोप डोळ्यांपुढे ओढला आणि त्या नव्या बोटाच्या टोकाला सुई लावली. एक कण उडाला. मग दुसरा. साडेअकरा झाले, बारा झाले. टेबलावरचा फोन तिच्या कोपराशी पडून होता. ती दर पाच मिनिटांनी त्याच्याकडे बघत होती. साडेबारापर्यंत तिने धीर धरला, मग सुई ठेवली आणि स्वतःच फोन लावला.

"आई, सगळं ठीक ना? काही दुखत वगैरे नाही ना?"



"नाही गं," आई म्हणाली. "दुखायला आता घरात आहे कोण? तू कर तुझं काम."